कन्साइनमेंटच्या दुकानात बाळाचं सामान विकताना

अमेरिकेत बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत घरात स्ट्रोलर, क्रिब, हाय चेअर, बाउन्सर आणि खोकी भरभरून कपडे साठतात. भेट आलेले कितीतरी कपडे दोनदाही अंगाला लागलेले नसतात. वापरलेल्या कपड्यांचं आपल्याला वावडं नाही. आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचंच शिवायची रीत आहे. अडतं ते हे सगळं विकायचं कुठे आणि कसं, तिथे.

आधी एक फरक लक्षात घ्या. 'वन्स अपॉन अ चाइल्ड'सारखी दुकानं माल पाहून तिथल्या तिथे पैसे देतात आणि माल त्यांचा होतो. कन्साइनमेंटचं दुकान माल विकत घेत नाही, फक्त मांडायला ठेवून घेतं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मालक तुम्हीच, आणि विक्री झाली तरच तुमचा वाटा. किंमत उतरणं, मुदत संपणं, चोरी, रिकॉल (वस्तूत धोका निघाल्याने ती परत मागवली जाणं) असं जे काही होईल ते तुमच्याच मालाचं होतं. म्हणून पिशवी घेऊन निघण्याआधी दुकानाचा करार मागवून घ्या आणि शांतपणे वाचा.

त्यात चार गोष्टी शोधा. पहिली, तुमचा वाटा. कपड्यांवर तो बहुधा ४० टक्क्यांच्या आसपास असतो, स्ट्रोलरसारख्या महाग वस्तूंवर ५० किंवा थोडा जास्त. दुसरी, मुदत. ती बहुतेक ६० किंवा ९० दिवस असते. तिसरी, किंमत कधी आणि किती उतरते. चौथी, मुदतीनंतर उरलेल्या मालाचं काय होतं. बऱ्याच करारांत ठरावीक तारखेपर्यंत माल नेला नाही तर तो दुकानाचा होतो किंवा दान केला जातो. चोरी आणि मोडतोडीची जबाबदारी दुकानाची नाही, असंही एक कलम बहुधा असतंच.

हिशोब कागदावर मांडून पाहा. ४०० डॉलरचा स्ट्रोलर दुकानाने १४० ला लावला आणि समजा या दुकानात तुमचा वाटा ४० टक्केच आहे. पहिल्या महिन्यात विकला गेला तर ५६ डॉलर मिळतील. तीस दिवसांनी २० टक्के उतरून तो ११२ ला गेला तर ४४ डॉलर ८० सेंट. साठ दिवसांनी निम्म्यावर, म्हणजे ७० ला गेला तर फक्त २८. रोख घेणारं दुकान आजच ५० देत असेल तर ते घेऊन मोकळं व्हावं. तोच स्ट्रोलर नुकत्याच निघालेल्या मॉडेलचा, लोक शोधत असलेला असेल, तर मात्र कन्साइनमेंटला थांबण्यात अर्थ आहे.

लेबल आणि रिकॉल

इथे घाई करू नका. २००८ च्या ग्राहक-सुरक्षा कायद्यानुसार रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदा आहे आणि ते जुन्या सामानालाही लागू आहे. वस्तू उलटी करा आणि पांढरं किंवा चंदेरी लेबल शोधा. स्ट्रोलरवर ते बहुधा मागच्या पायाच्या नळीवर असतं, क्रिबवर गादीखालच्या चौकटीवर किंवा टोकाच्या फळीच्या आतल्या बाजूला, कार सीटवर सांगाड्याच्या बाजूला किंवा खाली. त्यावरचा मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख यांचा फोटो काढा आणि कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेच्या रिकॉल यादीत तपासा. कार सीट मात्र सरकारच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या (NHTSA) यादीत पाहायची. लेबलच फाटलेलं असेल तर बहुतेक दुकानं ती वस्तू हातात घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

काही वस्तू रिकॉल यादीत नसल्या तरी विकता येत नाहीत. २८ जून २०११ पासून बाजू खाली सरकणाऱ्या क्रिबच्या विक्रीवर बंदी आहे. ती बाजू कंपनीच्या किटने पक्की बसवली असली तरी चालत नाही. क्रिबच्या आतून बांधायचे गुबगुबीत बंपर आणि १० अंशांहून जास्त उताराचे झोपवायचे पाळणे यांवर नोव्हेंबर २०२२ पासून बंदी आली. त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये, फिशर-प्राइस कंपनीचे सुमारे ४७ लाख 'रॉक अँड प्ले' हे असेच उताराचे पाळणे परत मागवले गेले होते, कारण त्यांत बाळं दगावली होती. असं काही माळ्यावर निघालं तर ओळखीत कुणाला फुकटही देऊ नका. आधी रिकॉलच्या सूचनेत भरपाई किंवा किट मिळतं का ते पाहा. टाकायचंच असेल तर कापड फाडून, सांगाडा मोडून टाका, म्हणजे कचऱ्याशेजारून कुणी उचलून नेणार नाही.

कार सीटची गोष्ट वेगळी. तिला मुदत असते, बहुधा ६ ते १० वर्षांची, आणि ती सीटवरच छापलेली असते. अपघातातून गेलेली सीट बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तडकलेली असू शकते. म्हणून बरीच दुकानं कार सीट घेतच नाहीत. टार्गेट ही दुकानसाखळी साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये जुनी सीट घेऊन नव्या खरेदीवर २० टक्क्यांचं कूपन देतं. जुन्या सीटसाठी ती वाट चांगली. घरगुती ब्रेस्ट पंप एकाच आईसाठी बनवलेला असतो, त्यामुळे तोही न्यायचा नाही. बाटल्यांची बुचं आणि चोखण्या यांचंही तसंच.

कपड्यांत डोक्याच्या टोपीची नाडी पाहा. २टी (साधारण दोन वर्षांच्या मुलाचं माप) ते १२ मापाच्या जाकिटाला किंवा हुडीला टोपीत किंवा गळ्यात नाडी चालत नाही. ती घसरगुंडीत अडकून मुलं गुदमरलेली आहेत. नाडी पूर्ण ओढून काढून टाका. हुडीला त्याने काही होत नाही.

डाग

पिशवीतले कितीतरी कपडे दुकानातून परत येतात ते गळ्याच्या पिवळ्या डागामुळे. कपडा धुऊन, घडी घालून ठेवताना पांढराशुभ्र होता, सहा महिन्यांनी खोकं उघडलं तर गळ्याभोवती पिवळं कडं. बाळाने काढलेल्या दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश धाग्यात थोडे उरतात आणि हवेने हळूहळू पिवळे पडतात. म्हणून कपडे खिडकीशी, दिवसाच्या उजेडात तपासा. ट्यूबलाइटखाली हा डाग सहज दिसत नाही.

काढायची रीत अशी. आधी थंड पाण्यात भिजवा, कारण गरम पाण्याने प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. मग एन्झाइमची डिटर्जंट डागावर लावून निदान अर्धा तास ठेवा. तरी राहिला तर कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, डब्यावरच्या मापाने घालून, रात्रभर भिजत ठेवा. लोकरी आणि रेशमी कपड्यांना हे करायचं नाही. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायरमध्ये टाकू नका, त्या उष्णतेने तो कायमचा बसतो.

वरणभाताच्या हळदीचं उलट आहे. साबण लागला की डाग लाल होतो आणि लोक घाबरतात. साबण नीट निघाला की तो परत पिवळा होतो, आणि मग एकदोन दिवस कडक उन्हात वाळवला की फिकटत जातो. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही.

शिवाय प्रत्येक स्नॅप लावून बघा, चेन वरखाली करा, कमरेचं इलॅस्टिक ताणून सोडा. कापडावर गोळे आले असतील, गुडघा विरला असेल, तर तो कपडा दानाच्या ढिगात टाका. स्ट्रोलर दहा वेळा मिटून उघडा, ब्रेक लावून ढकलून पाहा, चाकाच्या आसात गुंतलेले केस कात्रीने काढा. हाय चेअरच्या बकलमध्ये वाळलेली पेज टूथपिकने खरवडून काढा, दुकानवाल्याचं बोट पहिलं तिथेच जातं. बॅटरीच्या वस्तूत नवे सेल घालून न्या. कंपनीच्या साइटवरून माहितीपुस्तिका छापून पिशवीत बांधा. सुटा भाग हरवलेला असेल तर तसं आधीच सांगा.

कधी आणि काय न्यायचं

दुकानं ऋतू पुढचा घेतात. उन्हाळी कपडे फेब्रुवारीपासून, हिवाळी ऑगस्टपासून. जूनमध्ये नेलेलं जाकीट परत घेऊन यावं लागतं. नेण्याआधी फोन करा, कारण बऱ्याच ठिकाणी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि एका वेळी किती नग घेणार याची मर्यादा असते.

०–३ आणि ३–६ महिन्यांच्या कपड्यांचा सगळीकडे ढीग असतो, कारण झिजायच्या आधीच बाळ त्यातून बाहेर येतं. त्यातले निवडक, नव्यासारखे न्या, किंवा एका मापाच्या पाच वन्सी (खाली स्नॅप लागणारी बाळाची झबली) एकत्र बांधा. ४टी च्या पुढे चित्र पालटतं. मोठी मुलं कपडे खरोखर वापरून संपवतात, त्यामुळे गुडघे शाबूत असलेली मुलग्यांची पँट दुकानवाल्याला हवीच असते.

वर्षातून दोनदा सभागृहात भरणाऱ्या कन्साइनमेंट सेलमध्ये वाटा जास्त, बहुधा ६० ते ७० टक्के, पण टॅग लावायचं काम तुमचं. १९९७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सात सुरू झालेला 'जस्ट बिटवीन फ्रेंड्स' हा यातला मोठा सेल. कपडा समोर धरल्यावर हँगरचा हूक डावीकडे वळलेला हवा, प्रश्नचिन्हासारखा. पँट कमरेपाशी सेफ्टी पिनने हँगरला टाचा, नुसती लटकवली तर घसरते. बूट जोडीने बांधा, खेळण्यांचे सुटे भाग झिप पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावा. किंमत नव्याच्या चौथाई ते तिहाई ठेवा. शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीत द्यायचं का, हे टॅगवर विचारतात. कपड्यांना 'हो' म्हणा, क्रिब आणि स्ट्रोलरला 'नाही'. नोंदणी फी आधी वजा करून पहा. दहाच कपडे असतील तर ती भरून काढणंही कठीण.

परकर-पोलकं, कुर्ता-पायजमा, शिवलेली नऊवारी या दुकानांत नेऊ नका, तिथे त्यांचं मोल कुणाला कळत नाही. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर गणपतीच्या आधी तीनचार आठवडे फोटो टाका, छाती आणि उंचीचं माप इंचांत लिहून. त्या दिवसांत ते हातोहात जातात.

कायमचं भारतात परतायचं असेल तर निघण्याआधी चार महिने सुरुवात करा. ९० दिवसांची मुदत आणि त्यानंतरचा चेक हे दोन्ही अमेरिकेतच आटपायला हवेत. शेवटच्या महिन्यात राहिलेलं सामान रोख घेणाऱ्या दुकानातच न्या. फक्त १२० व्होल्टवर चालणारा बाटली गरम करायचा वॉर्मर किंवा वाफाऱ्याचं यंत्र पुण्याच्या २३० व्होल्टवर जळून जाईल, ते बॅगेत भरू नका.

घरगुती वस्तू घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकल्या तर त्यावर उत्पन्नकर लागत नाही, आणि झालेला तोटा करातून वजाही होत नाही. घेतली किंमत दाखवता यावी म्हणून स्ट्रोलरसारख्या मोठ्या वस्तूंच्या खरेदीच्या ईमेल जपून ठेवा.

माल दिल्यावर दुकानाकडून नगांची यादी सहीसह घ्या, नाहीतर समोरच फोटो काढा. दुकानातल्या आपल्या खात्यात पैसे साठू देऊ नका, दर महिन्याला चेक मागा. दुकान बंद पडलं तर त्यांच्या मागे धावणं अवघड जातं. आणि माल दिला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या पाच दिवस आधीची आठवण लावा: 'उरलेलं सामान आणायचं, दुकानाने दिलेला कन्साइनर नंबर सोबत न्यायचा'.