टेकडीवरचा वणवा: अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या

पुण्यात वणवे पेटतात फेब्रुवारी ते मे, पण तयारी दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की सुरू करा. “हवामान बदललंय, काय करणार” असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर काडी माणसाचीच असते. वाढलेला उन्हाळा ती आग पसरवतो. म्हणूनच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, आता जास्त लागतात.

पायवाटेलगतचं गवत कापून उचला. जाळून पट्टा काढणं वनखात्याचं काम, तुम्ही काडी लावू नका.

खरं अवघड पुढे आहे: जमीन कुणाची? एकाच टेकडीवर वनखात्याची, महापालिकेची आणि खासगी जमीन लागून असते. अर्जात नुसतं ‘टेकडीवर जाळरेषा काढा’ असं लिहिलंत तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि मार्च उजाडतो. अर्जात सर्व्हे नंबर हवाच. तो नकाशावरून काढा, नाहीतर तलाठी कार्यालयात विचारा. अर्जावर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार लावा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे येत नाही’ इथे चालत नाही. एवढंच विचारा: या सर्व्हे नंबरवर जाळरेषा किती मीटर, कधी काढली, खर्च किती?

तेच उत्तर घेऊन नगरसेवक आणि आमदारांकडे जा. जूनमध्ये रोपं लावताना फोटोला उभं राहणाऱ्यांनी ती रोपं मेमध्ये जिवंत आहेत का, याचंही उत्तर द्यायला हवं. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी भेटा, नंतर पैसे नसतात.

आग दिसलीच तर 101 आणि वनखात्याचा 1926. चढावर आग वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नका आणि ओघळीत उतरू नका. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात अडकून ट्रेकर्सचे जीव गेले. जळून काळी झालेली जमीन सर्वांत सुरक्षित. ओल्या फांद्यांनी झोडपायचं ते फक्त गुडघ्याखालची ज्वाळा, कडेने आणि सुती कपड्यांत. त्याहून उंच ज्वाळा असेल तर मागे फिरा.