उतारवयातील घटस्फोट आणि मालमत्तेची वाटणी: या चुका टाळा

साठीच्या आसपास विभक्त होणाऱ्या जोडप्याकडे वाटण्यासारखे पुष्कळ असते, परंतु वाटणी चुकली तर नुकसान भरून काढण्यासाठी लागणारी नोकरीची वर्षे उरलेली नसतात. म्हणून आज कोणाला किती मिळाले यापेक्षा, पुढची वीस-पंचवीस वर्षे दरमहा हाती काय पडणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

घरासाठी पेन्शन सोडणे

ज्या घरात संसार झाला ते हातचे जाऊ नये, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच भावनेपोटी अनेकजण जोडीदाराच्या पेन्शनमधील वाटा सोडून घर पत्करतात. कागदावर दोन्हींची किंमत सारखी दिसली तरी पेन्शन दरमहा पैसे देते, तर राहत्या घरावर कर, विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च एकट्याला करावा लागतो. मग काही वर्षांनी तेच घर घाईने, मिळेल त्या किमतीला विकण्याची वेळ येते. सही करण्यापूर्वी घराचा वार्षिक खर्च आणि स्वतःचे निश्चित उत्पन्न शेजारी शेजारी मांडावे. मेळ बसत नसेल, तर घर विकून रक्कम वाटून घेणे, कितीही जड गेले तरी, अधिक सुरक्षित आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पेन्शनचा वाटा आपोआप मिळेल असे मात्र समजू नये. इंग्लंड व वेल्समध्ये डिसेंबर २००० पासून न्यायालयाला पेन्शनची थेट विभागणी करता येते. अमेरिकेत खासगी कंपनीच्या निवृत्तियोजनेतील वाट्यासाठी, विशिष्ट अटी पूर्ण करणारा आणि योजनेच्या व्यवस्थापकाने मान्य केलेला न्यायालयीन आदेश लागतो. भारतात, गोव्याचा अपवाद वगळता, पती-पत्नीची संपत्ती समान वाटून देणारा कायदा नाही, त्यामुळे तडजोडीच्या अटी आणि पोटगी यांवरच बरेचसे अवलंबून राहते.

कर न वजा करता तुलना करणे

बँकेतील ठेव आणि तेवढ्याच बाजारभावाचे जुने शेअर समान नसतात, कारण शेअर विकताना वाढलेल्या किमतीवर कर भरावा लागू शकतो. प्रत्येक गुंतवणुकीची मूळ खरेदी किंमत मागवून, कर वजा जाता उरणाऱ्या रकमेचीच तुलना करावी.

जुनी नावे तशीच ठेवणे

संयुक्त कर्जाचे हप्ते कोणी भरायचे हे हुकूमनाम्यात लिहिले तरी तो बँकेवर बंधनकारक नसतो. हप्ते थकले की बँक दोघांनाही जबाबदार धरते. त्यामुळे कर्ज फेडावे किंवा बँकेच्या लेखी संमतीने एकाच्याच नावावर करून घ्यावे.

विमा आणि निवृत्तियोजनेतील लाभार्थीच्या नावाबाबतही हेच घडते. डूपॉन्ट कंपनीच्या बचत योजनेसंबंधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला निकाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे: घटस्फोटाच्या वेळी पत्नीने त्या रकमेवरील हक्क सोडला होता, पण पतीने नोंदीतील तिचे नाव बदलले नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर योजनेने कागदपत्रांनुसार तिलाच रक्कम दिली, हे न्यायालयाने योग्य ठरवले. मृत्युपत्र, विमा आणि खाती यांची यादी करून प्रत्येक ठिकाणची नोंद बदलल्याची लेखी पोच घ्यावी.

पोटगी देणाऱ्याच्या मृत्यूचा विचार न करणे

दरमहाची पोटगी सामान्यतः देणाऱ्याच्या मृत्यूनंतर थांबते, आणि या वयात ही शक्यता दूरची नसते. एकरकमी रक्कम घ्यावी, नाहीतर देणाऱ्याच्या आयुर्विम्याची अट करारात घालून हप्ते भरल्याचा पुरावा दरवर्षी मागावा.

सही होऊन गेली असेल तर

मालमत्तेची वाटणी पुन्हा उघडणे बहुतेक ठिकाणी अवघड असते, तरी जोडीदाराने संपत्ती दडवल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालयाकडे जाता येते, आणि आजारपण किंवा उत्पन्न घटणे अशा बदललेल्या परिस्थितीत दरमहाच्या पोटगीत फेरफार मागता येतो. त्यासाठी मुदती असू शकतात, म्हणून शंका येताच जुनी बँक खातेपत्रके आणि कर विवरणपत्रे गोळा करून वकिलाला दाखवावीत.