धर्मगुरूचा रविवार आणि घरचा फोन

गोव्यात नव्याने सेवेला येणाऱ्या, विशेषतः माझ्यासारख्या वसईकडच्या मराठी घरांत वाढलेल्या तरुण धर्मगुरूंसाठी हे लिहीत आहे. सेमिनरीत आपण ईशज्ञान शिकतो, उपासनाविधी शिकतो. पण रविवारी दुपारी लोक आपापल्या घरी जेवायला गेल्यावर त्या शांततेत कसे राहावे, हे ज्याचे त्याला शिकावे लागते.

खरे तर रविवार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेपासूनच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपासूनच, सुरू होतो. इथली मिस्सा कोकणीत असते आणि पुस्तके रोमी लिपीत असतात. देवनागरीची सवय असलेल्या माणसाने सोमवारपासूनच मिस्सेतली बायबलची वाचने मोठ्याने वाचावीत आणि अनुनासिक उच्चार एखाद्या जाणत्या साक्रिस्तांवाकडून (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाकडून) सुधारून घ्यावेत. मी तसेच केले. धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा अर्पण करावी असा सामान्य नियम असला, तरी लोकांच्या गरजेपोटी बिशपांच्या परवानगीने रविवारी तीनपर्यंत मिस्सा अर्पण करता येतात. आमच्या गावात सकाळच्या दोन इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, होतात आणि तिसरी वाड्यावरच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात. कम्युनिअनपूर्वी (मिस्सेतला पवित्र प्रसाद घेण्यापूर्वी) तासभर उपवासाचा नियम आहे. मात्र त्याच दिवशी दुसरी किंवा तिसरी मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला मध्ये काही खाण्याची मुभा आहे. तेव्हा चहा-पाव अवश्य घ्यावा, उपाशीपोटी प्रवचनात जीव राहत नाही.

पहिल्या वर्षी दुपारचा एकटेपणा टाळण्यासाठी मी बैठका लावत असे आणि घरी फोन करायला रात्र होई, तोवर आई झोपलेली असे. शेवटी पाद्र विगारांनीच (आमच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनीच) सांगितले, की दोन ते चार या वेळेत रुग्णाभ्यंगाच्या (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराच्या) बोलावण्याखेरीज कोणतेही काम घेऊ नकोस.

२७ मार्च २०२२, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा चौथा रविवार. दुपारी फोन केला तर आईने विचारले, "आज काय सांगितलंस लोकांना?" कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात, त्यामुळे मी कोकणीत वाचलेला उधळ्या पुत्राचा दाखला (वाटणी उधळून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो आणि घरी राहिलेला थोरला रुसतो, ती येशूने सांगितलेली गोष्ट) तिने त्याच सकाळी वसईत मराठीतून ऐकला होता. परत आलेल्या मुलाविषयी मी बोललो होतो, ते तिला सांगितले. ती म्हणाली, "आणि थोरला? घरी राहून बापाचं शेत सांभाळणारा?"

माझा दादा घरीच राहिला आहे. वाडी, आईची औषधे, बाबांचे शेवटचे आजारपण, सारे त्यानेच पाहिले. मी तिला फोन दादाकडे द्यायला सांगितले, आणि आम्ही कितीतरी महिन्यांनी सावकाश बोललो. संध्याकाळी सायंप्रार्थना म्हणताना त्याचे नाव पहिल्यांदा घेतले.

तेव्हापासून दर रविवारी मी दोघांशीही बोलतो, आणि बोलण्याची सुरुवात त्या दिवसाच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूविषयीच्या वाचनापासून, होते. तब्येतीची आणि पैशांची चौकशी मग आपोआप निघते. घरच्यांशी काय बोलावे हे सुचत नसलेल्या नवख्याने हा मार्ग अवश्य धरावा. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला तोच दाखला पुन्हा वाचनात आला, तेव्हा मी प्रवचन थोरल्या मुलापासून सुरू केले.