कपाशीचं क्रॉसिंग करताय? या चुका टाळा

दरवर्षी कोणीतरी विचारतंच, क्रॉस, म्हणजे दोन वाणांचा संकर केला, पण जोम, म्हणजे आई-बापापेक्षा सरस वाढ आणि उत्पन्न, का दिसत नाही? अहो, बहुतेक वेळा क्रॉस झालेलाच नसतो, मग जोम येणार कुठून!

कपाशीचं फूल सकाळी उमललं की त्याचेच पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात. म्हणून उद्या उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर आज दुपारी 3 ते 6 मध्येच काढायचे. मुलुंडला आमच्या गच्चीवर भाचीने एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी 12 कुंड्या लावल्या होत्या, मादी साधी अमेरिकन कपाशी, फिकट फुलाची, आणि नर बार्बाडेन्स ही कपाशीची दुसरी जात, पिवळं फूल, पाकळीच्या बुडाशी लालभडक ठिपका. एक दिवस म्हणाली, मामा, काल लोकल रखडली म्हणून आज सकाळी 10 ला पुंकेसर काढणं आणि नराचा पराग लावणं ही दोन्ही कामं एकदमच उरकली. असं तिने बऱ्याचदा केलं आणि सगळी सरकी एकाच डब्यात. पुढच्या हंगामात 30 झाडं फुलली, बापाचा ठिपका फक्त 11 वर, बाकीची सगळी थेट आईवर गेलेली. वर्ष वाया गेलं, पोरगी रडली, मलाही फार वाईट वाटलं. 1970 मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेलांनी संकर-4 दिला, जगातला पहिला व्यापारी कापूस संकर, त्याचं बीसुद्धा असंच एकेका कळीवर हाताने तयार व्हायचं. याला शॉर्टकट नाही.

मी अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकत्र फिरवून काढतो, आतलं बोंड खरवडू देत नाही. लगेच लाल कागदी पिशवी. सकाळी 9 ते 11 मध्ये पराग लावला की पांढरी पिशवी आणि देठाला दोरा. संध्याकाळी जमणार नसेल तर त्या दिवशी कळीला हातच लावू नका.

मुंबईत गच्चीवर जूनला पेरू नका, फुलं येतात तेव्हा पाऊस असतो आणि ओले झालेले पराग फुटतात. मी सप्टेंबरात पेरतो.

दुसरी चूक तुलनेची, ही बघून तर खरंच राग येतो. समजा आईला 20 बोंडं, बापाला 40, संकराला 36. सरासरी 30 धरून लोक '20 टक्के जोम' असं लिहून मोकळे होतात. अरे पण बापापेक्षा तो 10 टक्के कमीच आहे की! शेतकऱ्याने मग बापच का लावू नये? आणि शेजारी एनएचएच-44 सारखा नावाजलेला संकर वाण चेक, म्हणजे तुलनेसाठी, लावलेला नसेल तर मी आकडे बघतच नाही.

संकराचीच सरकी राखून परत पेरू नका, पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण विखुरून झाडं नाना तऱ्हेची येतात आणि जोम निम्म्यावर येतो.

लेबल पेन्सिलने लिहा, शाई धुऊन जाते.

आणि नुसता कापूस तोलून उत्पन्न सांगू नका, सरकी काढून रुई तोला, बोंडं मोठी पण रुईचा उतारा कमी असे संकर मी भरपूर पाहिलेत.