छायाचित्रणाचा छंद: टिपणे, निवडणे आणि ऑनलाइन मांडणे

छायाचित्रणाचा छंद जडला की बहुतेकांचे लक्ष आधी कॅमेऱ्याच्या खरेदीकडे जाते. ती खरेदी निदान सहा महिने लांबणीवर टाकावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 1975 साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या एका चित्रात जेमतेम दहा हजार पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, मावत आणि ते चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागत. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही एका चित्रात एक कोटीहून अधिक पिक्सेल टिपतो. उलट 1920 बाय 1080 मापाच्या नेहमीच्या पडद्यावर सुमारे वीस लाखच दिसतात. म्हणजे नवशिक्याला पिक्सेलची उणीव नसते, उणीव असते ती प्रकाश ओळखण्याच्या सवयीची.

ही सवय लावण्यासाठी खिडकीपाशी एक छोटे टेबल, त्यावर पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला आणि सकाळचा एक तास एवढे पुरते. खोलीतले दिवे आधी बंद करावेत, कारण खिडकीतला निळसर आणि दिव्याचा पिवळसर प्रकाश एकत्र आला की रंगांचा मेळ बसवणे अवघड होते. खिडकीकडे पाठ करून पेला टिपल्यास तो स्पष्ट दिसतो, पण सपाट वाटतो. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहिल्यास पेल्याची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि त्याला गोलाई येते. पेला आपल्या आणि खिडकीच्या मध्ये आला की पाणी उजळून निघते, काचेच्या कडा गडद रेघांसारख्या उमटतात आणि टेबलावर सावलीच्या आत प्रकाशाचा एक ठिपका थरथरताना दिसतो. या वेळी उजळ खिडकीमुळे फोन चित्र आपोआप काळवंडून टाकतो. म्हणून पडद्यावर पेल्यावर बोट टेकवून उजेड हाताने वाढवावा. त्याच पेल्याची वीस चित्रे टिपावीत, जागा मात्र दरवेळी बदलावी.

यानंतर एक्स्पोजरची, म्हणजे चित्र किती उजळ येईल हे ठरवणारी, तीन अंगे समजून घ्यावीत. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, शटरचा वेग म्हणजे सेन्सरवर, अर्थात प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, प्रकाश पडत राहण्याचा काळ, आणि आयएसओ म्हणजे मिळालेला संकेत किती वाढवायचा याचे प्रमाण. छिद्राचे माप ‘एफ’च्या आकड्याने सांगतात, आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. एफ/8 आणि 1/125 सेकंदाला जेवढा प्रकाश आत येतो, जवळपास तेवढाच एफ/5.6 आणि 1/250 सेकंदाला येतो. फरक एवढाच की दुसऱ्या चित्रात हालचाल अधिक गोठते आणि पार्श्वभूमी थोडी अधिक धूसर होते. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे तिथे उरलेल्या दोघांशीच खेळावे लागते. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवायला कचरू नये: दाणेदार चित्र चालून जाते, हात हलल्याने पुसट झालेले चित्र मात्र क्वचितच नीट सुधारते.

चित्र कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवायचे, रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) की जेपेग (आकाराने लहान केलेले तयार चित्र), हा प्रश्न लवकरच पुढे येतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या साठतात, तर 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये 16,384. म्हणून सावलीतले तपशील नंतर उजळवायचे असतील तर रॉ उपयोगी पडते. पहिले काही महिने जेपेग पुरेसे आहे. फक्त मूळ फाइलवर कधीही काम करू नये, कारण जेपेग फाइल बदलून पुन्हापुन्हा जतन केली की दर वेळी तिच्यातला थोडा तपशील गळतो.

छंदाचा खरा कस लागतो तो निवडीत. चित्रे टिपल्याच्या दिवशी निवडू नयेत. टिपतानाचा उत्साह ओसरला की दोष आपोआप दिसू लागतात. पहिल्या फेरीत हललेली आणि चुकीच्या जागी फोकस झालेली चित्रे बाजूला काढावीत, दुसऱ्या फेरीत एकसारख्या दोन चित्रांतले एकच ठेवावे, आणि शंभरांतून पाच उरेपर्यंत थांबू नये. नाकारलेल्या चित्रापुढे कारणाची एक ओळ लिहून ठेवली तर महिन्याभरात आपली नेहमीची चूक कळते. माझ्या वहीत ‘क्षितिज तिरके’ हे शब्द इतक्यांदा आले की मी शेवटी पडद्यावरची उभ्या-आडव्या रेघांची जाळी कायमची सुरू केली. निवडलेल्या चित्रांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. बंद पडलेल्या एकाच डिस्कसोबत माझी वर्षभराची चित्रे गेली, तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

ऑनलाइन मांडताना लांब बाजू सुमारे 2,048 पिक्सेल आणि रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना चालणारी रंगांची प्रमाण पद्धत) ठेवले की चित्र बहुतेक पडद्यांवर ठीक दिसते. अपलोड करण्यापूर्वी एक्झिफ नोंदीतले (चित्राच्या फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या माहितीतले) ठिकाण काढून टाकावे, विशेषतः चित्र घरात टिपलेले असेल तर. आणि ओळखू येणाऱ्या माणसाची, मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांची, परवानगी आधी घ्यावी. इतरांनी आपले चित्र वापरावे असे वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या, तयार परवान्यांतला योग्य तो निवडावा. त्यांतल्या काहींत नावाचा उल्लेख पुरतो, काहींत व्यावसायिक वापरास मनाई असते.

रोज एक सुटे चित्र टाकण्यापेक्षा महिन्यातून एकदा सहा चित्रांची मालिका मांडणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात आधी काय आणि नंतर काय, हा विचार करावाच लागतो. तिला आवाजाची जोड देता येते: त्याच जागी फोनवर अर्धा मिनिट आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि प्रत्येक चित्र चार-पाच सेकंद पडद्यावर राहील असा छोटा व्हिडिओ तयार करावा. प्रत्येक चित्रासोबत दृष्टिहीन वाचकांसाठी पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, भरावा. तो ‘सुंदर सकाळ’ असा नसावा. ‘खिडकीतला अर्धा भरलेला काचेचा पेला, त्याची सावली टेबलावर डावीकडे पडली आहे’ असा असावा.