डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाच्या हृदयाची स्थिती नातेवाइकांनी कशी समजून घ्यावी

अपघातात डोक्याला जबर मार लागून आयसीयूत असलेल्या रुग्णाचे ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) वाढले आहे आणि ईसीजीही बदलला आहे, असे कळले की त्याला हृदयविकाराचा झटका आला, असा नातेवाइकांचा समज होतो. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. मेंदूला तीव्र इजा झाली की शरीरात अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकांचा अक्षरशः पूर येतो. या माऱ्याने हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या पूर्णपणे मोकळ्या असूनही रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद घटते. असे हृदय बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरते.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न टू-डी इकोविषयी (हृदयाच्या सोनोग्राफीविषयी) विचारावा: हृदयाचा जो भाग नीट हलत नाही, तो एकाच रक्तवाहिनीच्या क्षेत्रात येतो का? तसे नसेल, तर मूळ कारण मेंदूत असण्याची शक्यता वाढते. हा प्रश्न टाळू नये, कारण झटका समजून रक्त पातळ करणारी औषधे सुरू केली, तर मेंदूतला रक्तस्राव वाढू शकतो. छातीलाही मार लागला आहे का आणि रुग्णाला पूर्वीपासून हृदयविकार होता का, हेही याच वेळी बोलून घ्यावे. जुना ईसीजी घरी असेल तर तो आणून द्यावा, तुलनेसाठी तो फार मोलाचा ठरतो.

मॉनिटरवरचा एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. नाडी मंद झाली म्हणजे रुग्णाला आराम पडला, असे नव्हे. रक्तदाब चढत असताना नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे ही कवटीच्या आतला दाब धोकादायक पातळीवर गेल्याची खूण असते, त्यामुळे असे दिसताच परिचारिकेला लगेच सांगावे. उलट रक्तदाब उतरला, तर केवळ डोक्याच्या माराला दोष न देता पोट, कंबरेची हाडे, मांडी येथे रक्तस्राव आहे का, किंवा मणक्याला इजा झाली आहे का, हे डॉक्टर शोधतात. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून जो आकडा उरतो, तो प्रौढांमध्ये साधारण 60 ते 70 मिलिमीटर पारा राखण्याचा प्रयत्न असतो. मेंदूला रक्त मिळणे त्यावर अवलंबून असते. हृदय दुबळे झाले असेल तर हे गणित सांभाळणे अवघड जाते.

ईसीजीत क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत होईपर्यंतचा काळ) लांबले असेल, तर ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात; म्हणून पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासले का आणि हे अंतर वाढवू शकणारी औषधे, म्हणजे उलटी थांबवणारे ऑनडॅनसेट्रॉन किंवा रुग्णाला शांत करणारे हॅलोपेरिडॉल, चालू आहेत का, एवढे विचारावे.

पुढील दिवसांत काही रुग्णांना कूस बदलताना किंवा नळीतून कफ ओढताना एकाएकी घाम फुटतो, नाडी धावते, ताप चढतो आणि हातपाय ताठरतात. मेंदूच्या इजेमुळे येणारे हे झटके (हृदयविकाराचे किंवा फिटचे नव्हेत) जंतुसंसर्ग वगळून ओळखावे लागतात, आणि त्यांवर अनेकदा प्रोप्रॅनोलॉल हे नाडी मंदावणारे औषध देतात. घरी गेल्यावर ते औषध स्वतःहून एकदम बंद करू नये, आणि इकोत दोष आढळला असेल, तर पुन्हा इको कधी करायचा, याची तारीख घरी जाण्यापूर्वीच डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी.