पेटी मिटून ठेवा : चार आकारांचं सामूहिक गाणं कसं बसवावं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गायला चार माणसं जमली की आधी पेटी काढली जाते. चार आकारांच्या या अमेरिकी गाण्यात ती फक्त पहिल्या दिवशी लागते, तीही आकार शिकवण्यापुरती. पुढे मिटून ठेवायची. पेटी चालू राहिली की सगळे पेटीकडे कान देतात, समोरच्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. आणि इथे तर चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गायच्या असतात.

अमेरिकेत १८०१ साली विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांच्या ‘द ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकात स्वरांच्या टिपक्यांना चार आकार दिले गेले. स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही पुस्तक बघून गाता यावं, एवढाच हेतू. पुढे दक्षिणेत विल्यम वॉकर यांचं ‘सदर्न हार्मनी’ (१८३५) आणि बी. एफ. व्हाइट व ई. जे. किंग यांचं ‘द सेक्रेड हार्प’ (१८४४) ही भक्तिगीतांची आडवी पुस्तकं निघाली. दुसऱ्यावरून आजही दिवस-दिवस गाणी चालतात. छापील प्रती हव्या असतील तर एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्यांचीच झेरॉक्स काढा. त्यांचे हक्क संपलेत, अलीकडच्यांचे नाहीत. झेरॉक्स मात्र आडव्या ए-फोरवर आणि गडद. फिकट प्रतीत चौकोन आणि हिरा एकसारखे दिसतात आणि अर्धा वर्ग भलताच स्वर गातो.

आकार असे: त्रिकोण म्हणजे फा, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, हिरा म्हणजे मी. आपल्या शुद्ध सप्तकावर ते असे बसतात:

सा – रे – ग – म – प – ध – नि – सां
फा – सोल – ला – फा – सोल – ला – मी – फा

पहिली ठेच इथेच लागते. पेटी शिकलेल्याच्या डोक्यात ‘फा’ म्हणजे मध्यम पक्का बसलेला असतो. इथे फा म्हणजे षड्जही आणि मध्यमही. आणि मी म्हणजे गंधार नव्हे, निषाद. म्हणून फळ्यावर सारेगम लिहून पहिली वीस मिनिटं फक्त आकारांच्या नावांनी आरोह-अवरोह घ्या, मग सारेगम पुसून टाका. नावं दोनदा येण्यात गोंधळ नाही, सोय आहे: सा-रे-ग यांमधली अंतरं आणि म-प-ध यांमधली अंतरं सारखीच आहेत. लाच्या लगेच वर फा आला तर अर्धा स्वर, मी आला तर पूर्ण. एवढं गळ्यात बसलं की निम्मं काम झालं. उदास चालीची गाणी लावर सुरू झालेली समजा: ला-मी-फा-सोल-ला-फा-सोल-ला. हा आपला आसावरी थाट. गाताना बरेच जण त्यातला धैवत नकळत चढवतात आणि गाणं काफीकडे झुकतं. जुने गायकही तसंच गातात, त्यामुळे ते दुरुस्त करत बसू नका.

बसायची पद्धत चौकोनी. एकाच वेळी गायच्या चार ओळींची नावं ट्रेबल (उंच आवाजाची), आल्टो, टेनर आणि बास (सगळ्यांत खालच्या आवाजाची). टेनर आणि आल्टो समोरासमोर, ट्रेबल आणि बास समोरासमोर, मध्ये रिकामी जागा. वारकरी भजनात दोन रांगा एकमेकांकडे तोंड करून उभ्या असतात, तशाच इथे चार. श्रोत्यांसाठी बाजू नसते, कारण श्रोतेच नसतात. आलेल्याला खुर्ची आणि पुस्तक द्या. किमान आठ माणसं हवीत. सोळा असतील तर टेनर पाच, बास चार, ट्रेबल चार, आल्टो तीन अशी वाटणी बरी पडते. मुख्य चाल टेनरकडे असते. चर्चच्या गायकवृंदातून आलेल्यांना हे पचत नाही, कारण तिथे चाल सगळ्यांत वरच्या आवाजात असते. पानावर चारही ओळी असतील तर क्रम असा: वरून ट्रेबल, आल्टो, टेनर, सगळ्यांत खाली बास. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पानांवर मात्र आल्टोची ओळ नसते, तीनच ओळी असतात. टेनर आणि ट्रेबल या दोन्ही ओळी बायका आणि पुरुष दोघंही गातात, एका सप्तकाच्या अंतराने. त्यामुळे सहा आवाजांचा भरणा होतो. ‘पुरुष सगळे बासला’ असं वाटून टाकलं की ही मजाच जाते.

जागा निवडताना मंगल कार्यालय टाळा, घुमून शब्द विरघळतात. शाळेची कौलारू खोली उत्तम. सतरंजी गुंडाळून ठेवा, उघड्या शहाबादी फरशीवर आवाज परत येतो.

पहिलं गाणं ‘न्यू ब्रिटन’ घ्या. जॉन न्यूटन यांचे ‘अमेझिंग ग्रेस’ हे शब्द या चालीला १८३५ च्या ‘सदर्न हार्मनी’त जोडले गेले. चालीत मध्यम-निषाद नाहीत, म्हणजे स्वर सगळे भूपाचे. पहिली ओळ: प – सा – गसा – ग – रे – सा – ध – प. पहिला प आणि शेवटचे ध, प मंद्रातले. आकारांनी: सोल – फा – लाफा – ला – सोल – फा – ला – सोल. भूप ओळखीचा म्हणून भजनातली माणसं लगेच मींड आणि हरकती घालू लागतात. तिथेच थांबवा. चार ओळी एकमेकींवर उभ्या असतात. एकाने स्वर ओढला की दुसऱ्याचा त्याच्याशी खटका उडतो. स्वर सरळ, खडा आणि मोठ्याने.

षड्ज पांढरी पाचच्या आसपास ठेवून बघा. स्वर देणाऱ्याने आधी फा द्यायचा, मग प्रत्येक ओळीला तिचा पहिला स्वर. त्याआधी ट्रेबलची सगळ्यांत उंच जागा मनात गाऊन पाहायची. तिथे गळा ताणला तर अर्धा स्वर उतरवायचा. छापलेली पट्टी पाळायची सक्ती नाही.

आधी पूर्ण गाणं आकारांनी, मग शब्दांनी. ‘चाल पाठ आहे’ म्हणून आकार गाळणारे गट महिन्याभरातच कानावर गाऊ लागतात आणि नवं पान उघडलं की अडतात. ताल सगळ्यांनी हाताने धरायचा, फक्त मध्ये उभ्या राहिलेल्याने नव्हे. ‘न्यू ब्रिटन’ तीन मात्रांत आहे: दोन मात्रा हात खाली, एक मात्रा वर. गाणं वरच्या हातावर उचललं जातं. पहिल्या अक्षराला हात खाली आपटला की पुढे सगळं उलटं पडतं. पखवाज नको. टाळही नकोत, टाळ वाजले की आल्टो ऐकू येत नाही.

मराठी शब्द बसवायचे तर अक्षरं मोजा. या चालीला ८-६-८-६ अक्षरं लागतात. ६-६-६-४ चा अभंग इथे कोंबू नका, बसत नाही. शिवाय लघु-गुरूही पाळावे लागतात: वरच्या हाताला लघु, खालच्या हाताला गुरू. शाळेत प्रमाणिका वृत्त शिकलेल्यांना हे चटकन कळेल. ‘तुझी कृपा मला दिसे, नवा प्रकाश ये’ अशी ओळ अगदी नेमकी बसते, कारण लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन चालीच्या मात्रांशी जुळतात. ‘देवा तुझे’ने सुरुवात केलीत तर ‘दे’ एका मात्रेत चेंगरतो आणि कानाला खुपतो. कन्नड बोलणारे सोबत असतील तर पहिले काही आठवडे शब्दांचा वाद काढूच नका, नुसते आकार गा. ‘फा-सोल-ला’ला भाषा नाही. आणि शब्द ख्रिस्ती भक्तीचे आहेत, हे नवख्याला आधीच सांगून ठेवा.

चौथ्या बैठकीच्या सुमारास फ्यूगिंग गाणी घ्या. त्यांत उत्तरार्धात चारही ओळी एकामागून एक आत येतात, बहुतेकदा बास आधी. इथे हमखास कुणीतरी हरवतं. हरवलेल्याने शोधत न बसता हात चालू ठेवायचा आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी आत शिरायचं. उत्तरार्ध दोनदा असतोच, तिथे दुसरी संधी मिळते.

दर गाण्याला मध्ये नवा माणूस उभा करा, लहान पोरगाही चालेल. त्याने गाण्याचा आकडा सांगायचा, टेनरकडे तोंड करायचं आणि हात वर न्यायचा. दोन तासांच्या बैठकीत नवशिक्यांनी पाच गाणी पुरे. मध्ये चहा असू द्या, कुंदा मात्र शेवटी. खव्याने घसा जड होतो.